बिनदाराचं घर

बँकेच्या वसुलीवाल्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी आजवर ऐकलं नाही. मी बोलणार आहे. नेरच्या एका छोट्या सहकारी बँकेत मी जन्मभर कारकुनी केली, त्यामुळे बँकवाल्यांना शिव्या कशा घालायच्या हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या शिव्यांत कुणी उकंडाजी मुनेश्वरांना ओढलं की माझं डोकं फिरतं. परवा टपरीवर एक दीडशहाणा म्हणाला, वसुलीवाले काय, सगळे सारखेच, दुसऱ्याच्या घराला कुलूप ठोकून पगार घेणारे. मी अर्धा कप चहा तसाच ठेवून उठलो. अशा माणसाशी तोंड लावण्यात अर्थ नाही. लिहूनच काढावं म्हटलं.

आधी नावाचं सांगतो, कारण ते ऐकून आजची पोरं हसतात. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. उकंडाजींच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हे जन्मल्याबरोबर आजीनं यांना घटकाभर उकंड्यावर नेऊन ठेवलं आणि मग सापडलेलं लेकरू म्हणून घरात घेतलं. टाकून दिलेल्यावर कुणाची नजर जात नाही, असा जुन्या बायांचा समज. बापानं तेव्हा नुकताच धम्म घेतलेला, त्याला हे अजिबात पटलं नव्हतं, पण म्हातारीपुढं त्याचं काय चालणार? उकंडाजींनी त्याची सगळी भरपाई पोरांच्या नावांत करून घेतली. थोरला धम्मदीप, धाकटा संघर्ष. स्वतःचं नाव मात्र बदललं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, या नावानं मला जगवलं, आता त्याला सोडून कसं चालेल.

मूळचे बाभुळगावकडचे. अंगानं वाळकुडे, शर्ट कायम पांढरा आणि इस्त्रीचा, बोलणं हळू. बँकेत शिपाई म्हणून लागले आणि चढत चढत वसुली अधिकारी झाले. त्या खुर्चीवर बसणारा माणूस दांडगा असावा अशी आमच्या संचालकांची समजूत होती. यांना पाहून सगळ्यांनी कपाळावर हात मारला होता.

ती वर्षं कापसाच्या वाताहतीची होती. आमच्या जिल्ह्यात तेव्हा मुंबई-दिल्लीच्या पत्रकारांच्या गाड्या यायच्या, शेताचे आणि सुन्या घरांचे फोटो काढून जायच्या. यायलाच पाहिजे होत्या, माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्याकडे वावर नाही आणि तरी जो कापसावरच जगतो, त्याच्याकडे एकाही गाडीनं मान वळवून पाहिलं नाही. जिनिंगमधले हमाल, गाठी बांधणारे, कापसातून सरकी काढणारे रेचे दुरुस्त करणारे मिस्त्री, सरकीची पोती शिवणाऱ्या बाया. भाव पडला, व्यापारी फिरकेना, जिनिंगची फाटकं बंद झाली आणि हे लोक गपचूप घरी बसले. यातल्या बऱ्याच जणांनी बऱ्या दिवसांत आमच्या बँकेचं कर्ज काढून दोन खोल्या बांधलेल्या होत्या. घर बँकेकडे गहाण, आणि हप्ता दर महिन्याला, मग जिनिंग चालू असो की नसो. हे हप्ते कुण्या शहाण्यानं ठरवले होते देव जाणे. हंगामात कमावणाऱ्या माणसाकडं भर श्रावणात हप्ता मागायचा म्हणजे काय?

वरून आम्हाला दोन्ही प्रकारचे हुकूम यायचे. थकबाकी कमी करा, नाहीतर बँकेवर बंधनं येतील. आणि त्याच वरच्या मंडळींचं असंही सांगणं असायचं की राहतं घर ताब्यात घेण्याआधी कर्जदाराचं म्हणणं ऐका, जमत असेल तर हप्ते बांधून द्या. पहिला हुकूम आमच्या मॅनेजरच्या टेबलावर काचेखाली होता. दुसरा कपाटात.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलेलं होतं. बँकेची जीप येणार अशी कुणकुण लागली की लोक घराला कुलूप लावून नातेवाइकांकडे निघून जायचे. पळून जायचा इरादा नसायचा हो. गल्लीसमोर आपली शोभा होऊ नये, एवढंच. चार दिवसांनी परत येऊ, तोवर जीप निघून गेली असेल, हा हिशेब. पण कागद तसा वाचत नाही. घर बंद दिसलं की पंचनाम्यात लिहिलं जायचं, घर बंद, कर्जदार पसार. मग ऐकायचं कुणाचं? त्यांच्या कुलपावर बँकेचं कुलूप, त्यावर लाखेचं सील, की झाला ताबा. अब्रू वाचवायला गेलेला माणूस घर घालवून बसायचा. मी असे पंचनामे स्वतःच्या हातानं लिहिले आहेत.

उकंडाजी या खोडीच्या मागं हात धुऊन लागले होते. जीप यायच्या कितीतरी आधी ते आपल्या सायकलवर त्या गल्लीत जायचे. बँकेचा माणूस म्हणून नाही, तर पाहुण्यासारखे. आत बसायचे, पाणी मागायचे, लेकरांची नावं विचारायचे आणि निघताना एकच गोष्ट सांगायचे. दार उघडं ठेवजा. इतकं सांगायचे की पोरं त्यांना चिडवायची, दारवाले आजोबा आले म्हणून. संचालकांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी उकंडाजींना बोलावून झापलं की तुम्ही पगार आमचा घेता आणि शिकवणी थकबाकीदारांची घेता. उकंडाजी म्हणाले, साहेब, दार उघडं राहिलं तर आज ना उद्या पैसाही त्याच दारानं येईल. त्यांनी यापेक्षा जास्त वाद कधी घातला नाही.

हे दाराचं वेड कुठून आलं, ते मला फार उशिरा कळलं. लहानपणी त्यांच्या झोपडीवर सावकाराचा माणूस यायचा. तो दिसला की आई दाराला कुलूप घालून लेकरांना घेऊन तुरीत जाऊन बसायची. एकदा संध्याकाळी परत आले तर दारावर दोन कुलपं. एक आईचं, एक सावकाराचं. आईकडे किल्ली एकाचीच. आई ती किल्ली हातात धरून दारासमोर बसून राहिली, एवढंच त्यांनी मला सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

आता अय्याज मिस्त्रीची गोष्ट. हा जिनिंगचे रेचे दुरुस्त करणारा फिटर. हात असा की बिघडलेल्या यंत्राजवळ नुसता उभा राहिला तरी मालकाचा जीव भांड्यात पडायचा. नेरच्या कडेला यानं स्वतःच्या हातानं घर बांधलं आणि जिनिंगच्या भंगारातला पत्रा आणून त्याचं दोन पल्ल्यांचं दार केलं. खोली लहान, म्हणून दार बाहेर उघडणारं केलं, बिजागऱ्याही बाहेरून आणि त्याही नट-बोल्टाच्या. गल्लीनं त्याला भरपूर पिडलं. अरे मिस्त्री, चोराची सोय केली काय? अय्याज म्हणायचा, माझ्या घरात चोर आला तर तोच काहीतरी ठेवून जाईल. बायको गौहर, दोन लेकरं. गौहर ही नवऱ्याला पाने हातात देता देता अर्धी मिस्त्रीण झालेली बाई, आणि जिभेनं तर पूर्ण.

जिनिंग बंद पडलं आणि या घराचे हप्ते थांबले. उन्हाळ्यात ताब्याची नोटीस निघाली. उकंडाजी नेहमीप्रमाणे सायकलवर गेले. अय्याज मान खाली घालून बसलेला. मग ते गौहरशी बोलले. तिनं मला नंतर त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

“भाभी, त्या दिवशी दार उघडं ठेवजा. घरातून मानूस बोललं त कायद्याले आयका लागते. कुलपाशी कोनी बोलत नाई.”

तिनं कबूल केलं. पण अय्याजचा धीर सुटला. ज्या दिवशी जीप जायची होती त्या दिवशी दिवस उगवताच त्यानं लेकरांना उठवलं, दाराला कुलूप घातलं आणि सगळ्यांना घेऊन बस पकडली. मारेगावला त्याची बहीण होती. गौहर भांडत भांडत यवतमाळच्या स्टँडपर्यंत गेली. तिथं गाडी बदलायची होती. गाडी लागली, अय्याज लेकरांना घेऊन चढला, आणि ही खालीच उभी राहिली. म्हणाली, तुम्ही जा, मी घरी जाते. किल्ली मागितली. त्यानं खिशावर हात ठेवला आणि दिली नाही. एवढा चांगला माणूस, पण शरमेनं असा येडा झाला होता. ती तशीच नेरच्या गाडीत बसली.

आमची जीप निघायला नेहमीप्रमाणे उशीर झाला, कारण लाख सापडत नव्हती. मॅनेजर खेमसिंग राठोड तिथल्या तिथं चिडले. तांड्यावर वाढलेला, कष्टानं शिकलेला माणूस, वाईट नव्हता, पण तपासणी तोंडावर आली होती आणि त्यांची झोप उडाली होती. जीपमध्ये ते, मी, बँकेचं कुलूप, लाख आणि मेणबत्ती. पंच गल्लीतूनच घ्यायचे होते. उकंडाजींचा पत्ता नव्हता. खेमसिंग म्हणाले, तो पोचला असेल सायकलवर, दार उघडं ठेवा सांगायला.

आम्ही पोचलो, आणि बाप्पा, मी जन्मात असं घर पाहिलं नव्हतं. घराला दारच नाही. चौकट उभी आणि मध्ये मोकळा उजेड. दाराचे दोन्ही पल्ले एकमेकांना जोडलेले, उचलून बाजूच्या कडुलिंबाला टेकवून ठेवलेले, आणि त्यांच्या मधोमध अय्याजचं कुलूप जसंच्या तसं लटकलेलं. जमिनीवर शेजारून मागून आणलेले पाने आणि खोललेले नट पडलेले. आत गौहर स्टोव्हवर चहा करत बसलेली, घामाघूम. आणि चौकटीच्या बाहेर, हात मागं बांधून, उकंडाजी उभे.

खेमसिंग जीपमधून उतरले.

“मुनेश्वर, दार कुठं आहे?”

“हे काय साहेब, झाडाले टेकवून हाय. कुलूपबी शाबूत हाय. सील लावाचं असन त लावा त्याले. पन घरात मानूस हाय.”

गल्लीतले लोक जमले होते, त्यातल्या कुणाला तरी हसू फुटलं. मला हसायला येत नव्हतं. माझं लक्ष उकंडाजींच्या शर्टाकडे गेलं होतं. त्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून पोटापर्यंत गंजाचा लाल पट्टा उमटलेला. ते पत्र्याचं धूड एकट्या बाईला पेलणारं नव्हतंच. शेवटचा नट खोलताना कुणीतरी ते अंगावर तोलून धरलं होतं. खेमसिंगांनीही तो पट्टा पाहिला. नोकरी जाण्यासारखी गोष्ट होती ती. बँकेच्या वसुली अधिकाऱ्यानं, ताब्याच्या दिवशी, कर्जदाराचं दार उतरवायला हात लावला. घरी धम्मदीपचं लग्न ठरलेलं, संघर्ष कॉलेजात. मला उकंडाजींचा त्या क्षणी रागच आला, खरं सांगतो. एवढं कुणी कुणासाठी करतं का?

गौहर चहाचे कप घेऊन बाहेर आली. पदरानं तोंड पुसलं आणि खेमसिंगांसमोर उभी राहिली.

“साहेब, मी घरात हाव. मले बोलाचं हाय.”

खेमसिंगांनी पुन्हा एकदा त्या शर्टाकडे पाहिलं. मग त्यांनी चहा घेतला, कडुलिंबाखाली बसले आणि मला म्हणाले, लिही देवराव, घरात वस्ती आहे, कर्जदाराच्या पत्नीनं म्हणणं मांडण्याची मागणी केली. शर्टाबद्दल ते तेव्हाही बोलले नाहीत आणि पुढंही कधी नाही. माणूस म्हणून मी त्यांनाही त्या दिवसापासून मानतो.

मग सुनावणी लागली यवतमाळला, सहकार खात्याच्या कचेरीत. पण अय्याजशिवाय ती होणार कशी? त्याला आणायला उकंडाजी रजा टाकून, स्वतःच्या खर्चानं मारेगावला गेले. तो म्हणे बहिणीच्या घरामागं जाऊन बसला होता, कोणत्या तोंडानं येऊ म्हणत होता. उकंडाजी त्याच्याजवळ बसले आणि त्याला दाराची गोष्ट सांगितली, त्याच्या बायकोनं काय केलं ती. तो रडला, मग त्यानं विचारलं, बिजागरीच्या बोल्टाची चूडी तर नाही ना मारली तिनं, आटे शाबूत आहेत ना? फिटर तो फिटरच. उकंडाजींबरोबरच परत आला.

सुनावणीला उर्वशी मॅडम म्हणून एक तरुण अधिकारी होत्या. त्यांनी अय्याजला विचारलं, तर तो उभा राहिला आणि वळून बायकोकडे पाहू लागला. गौहर बोलली. आम्ही बुडवे नाही, जिनिंग चालू असलं की आमच्या घरात पैसा येतो, बंद झालं की येत नाही, एवढं सोपं आहे. मग मॅडमनी बँकेला विचारलं. बोलायचं खेमसिंगांनी होतं, पण त्यांनी उकंडाजींकडे बोट केलं. उकंडाजी म्हणाले, ज्या घरांना आपण कुलपं लावली त्यांचं काय झालं ते एकदा पाहून या. लिलावाच्या दिवशी सगळं गाव जमतं, बोली मात्र कुणी लावत नाही. शेजाऱ्याच्या चुलीवर बोली लावायची आमच्याकडे रीत नाही. घर तसंच पडून राहतं, वाळवी खाते, बँकेलाही मिळत नाही आणि माणसालाही नाही. त्यापेक्षा दसऱ्यापासून होळीपर्यंत हप्ता घ्या आणि बाकीचे महिने सोडा.

मॅडमनी ते मान्य केलं, पण एक अट घातली. एक जरी हंगाम कोरा गेला, तरी पुन्हा सुनावणी नाही. घर सरळ बँकेचं.

घरी आल्यावर अय्याज दार बसवायला निघाला तर गौहरनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला. म्हणाली, दार लावलं की तुम्ही पुन्हा कुलूप लावाल. घर आपल्या नावावर मोकळं होईपर्यंत हे दार इथंच झाडाला राहील. अय्याजनं समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं, खुद्द उकंडाजींनी समजावलं की भाभी, मी उघडं ठेवा म्हटलं होतं, काढून ठेवा नव्हतं म्हटलं. ती कुठली ऐकते! चौकटीला गाठींच्या बारदान्याचा पडदा शिवून लावला तिनं. थंडीत लेकरं कुडकुडली, पावसात पाणी आत आलं, कुत्रं एकदा भाकरीचं टोपलं घेऊन गेलं. दार कडुलिंबाला, त्यावर कोंबड्या बसायच्या, अजून ते कुलूप लटकलेलं.

आणि पहिल्याच दसऱ्याला नेरचं जिनिंग उघडलं नाही. अय्याज पुन्हा घरात बसून राहिला. त्याचा हात दोनदा खिशातल्या किल्लीकडे गेला असेल, पण कुलूप लावायला दार कुठं होतं? उकंडाजी आपल्या बाभुळगावकडच्या ओळखी काढत हिंडले. हा रेच्याचा डॉक्टर आहे, एकदा बघा तरी, म्हणत एकेका मालकाच्या पायऱ्या झिजवल्या. वसुली अधिकारी थकबाकीदारासाठी काम मागत फिरतो, हे पाहून लोक हसले. पण काम मिळालं. आधी एका जिनिंगचं, मग दुसऱ्याचं, उन्हाळ्यात थ्रेशरचं आणि पिठाच्या गिरण्यांचं. हंगाम कोरा गेला नाही. पुढं तसाच हप्ता आम्ही हमालांना, गाठीवाल्यांना बांधून दिला. लोक त्याला जिनिंगचा हप्ता म्हणू लागले. संचालक नंतर सभेत ती आपलीच कल्पना होती असं सांगायचे. सांगोत बापडे. तेवढ्या वर्षांत लाखेची कांडी आम्हाला क्वचितच लागली.

शेवटचा हप्ता भरला तेव्हा उकंडाजी निवृत्त झालेले होते, मीही त्याच वाटेवर. घरावरचा बोजा उतरला त्या दिवशी अय्याजनं आम्हा दोघांना बोलावलं. दार त्यानं घासून, निळा रंग देऊन तयार ठेवलं होतं. कुलूप तेवढं गंजून गच्च झालेलं, किल्ली फिरेना, ते त्यानं हातोडीनं तोडलं. एका बाजूनं अय्याजनं, एका बाजूनं त्याच्या आता मिसरूड फुटलेल्या पोरानं दार उचललं. उकंडाजींनी मध्ये खांदा लावला. मी म्हटलं, अहो शर्ट! ते म्हणाले, राहू द्या हो.

नट आवळून झाले. गौहर आत उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि ती उकंडाजींकडे. इतकी वर्षं ज्या माणसानं प्रत्येक घरी जाऊन एकच गोष्ट सांगितली, तो आता काय सांगतो, याची ती वाट बघत होती.

“भाभी,” उकंडाजी म्हणाले, “आता लावून घ्या दार.”

तिनं दोन्ही पल्ले ओढले. आतून कडी घातल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर रस्त्यावर, उन्हात, खुद्द घरमालक अय्याजसुद्धा. आतून तिच्या हुंदक्यांचा आवाज आला. मनसोक्त रडत होती बाई, आपल्या बंद घरात, एकटी. अय्याजनं दार वाजवायला हात उचलला, तर उकंडाजींनी तो धरला. आम्ही तसेच उभे राहिलो. गल्लीतली माणसं विचारायला लागली की काय झालं, तुम्ही बाहेर काहून उभे.

मी उकंडाजींकडे पाहिलं. निळा ओला रंग खांद्याला लागलेला, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि माणूस हसत होता.

“देवराव,” ते म्हणाले, “कडी आतून हाय, अन् आपन बाहेर हाओत ना? मंग बराबर हाय.”